खांबाचा खड्डा आणि ट्रॅक्टरची खीळ

अमेरिकेंतील शेतांच्या कुंपणाचा इतिहास सांगतांना कांटेरी तारेचें गुणगान करण्याची रीत आहे. तार नवी होती, स्वस्त होती, आणि तिच्या पेटंटांवरून झालेल्या कोर्टकज्ज्यांनीं ती गाजलीही पुष्कळ. परंतु तार हवेंत उभी राहत नाहीं. तिला खांब लागतो, खांबाला खड्डा लागतो, आणि खड्डा कोणाला तरी खणावा लागतो. हा खणणारा मनुष्य इतिहासाच्या पुस्तकांत सहसा आढळत नाहीं. त्याचें काम यंत्राकडे कसें गेलें, तें जातांना कोणत्या अडचणी आल्या, आणि सत्तर वर्षांपूर्वींचें एखादें खड्डे खणण्याचें यंत्र ट्रॅक्टरला जोडावयाचें झाल्यास आजही एवढा विचार कां करावा लागतो, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे.

मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस जीं विस्तीर्ण गवताळ मैदानें आहेत, तेथें १८६२ च्या होमस्टेड कायद्यान्वयें वसाहत करूं इच्छिणारास १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळूं लागली. ही जमीन मोकळीच आहे असें कायदा धरून चालला. तिच्यावर पिढ्यान् पिढ्या वावरणाऱ्या मूळच्या जमातींना ती सोडावी लागली, हें येथें विसरतां कामा नये. नव्या वसाहतवाल्यापुढें पहिली अडचण उभी राहिली ती कुंपणाची. पूर्वेकडील संस्थानांत जंगल तोडून शेती केलेली असल्यामुळें तेथें ओंडक्यांचीं कुंपणें होत. न्यू इंग्लंडांत शेतांतूनच निघालेल्या दगडांच्या भिंती रचीत. मैदानांत ना झाड, ना दगड. कित्येकांनीं ऑसेज ऑरेंज नांवाच्या कांटेरी झाडाचें जिवंत कुंपण लावून पाहिलें. परंतु गुरें अडविण्याइतकें तें दाट होण्यास कांहीं वर्षें वाट पाहावी लागे.

१८७४ च्या नोव्हेंबर महिन्यांत इलिनॉय संस्थानांतील डीकॅल्ब येथील शेतकरी जोसेफ ग्लिडन यांस दोन तारांच्या पिळांत कांटा पक्का बसविण्याच्या युक्तीचें पेटंट मिळालें, आणि मग मैदानांत तारेचें पेव फुटलें. मोकळ्या कुरणांवर गुरें चारणाऱ्यांस हा नवा अडसर मानवला नाहीं. टेक्सास संस्थानांत १८८३ मध्यें रात्रीच्या वेळीं टोळ्या करून तारा तोडण्याचे प्रकार इतके वाढले कीं, पुढल्याच वर्षीं तेथील विधिमंडळास कुंपण तोडणें हा गंभीर गुन्हा ठरवावा लागला. तोडलेली तार पुन्हां ओढतां येई. खांब मात्र नव्यानें पुरावे लागत, आणि प्रत्येक खांबामागें एक खड्डा ठरलेला असे.

आतां थोडें गणित करून पाहावें. १६० एकरांचा चौरस म्हणजे अर्ध्या मैलाची एकेक बाजू. चारी बाजू मिळून दोन मैल, म्हणजे १०,५६० फूट झाले. तेथील जमीनमोजणीच्या पद्धतीप्रमाणें साडेसोळा फुटांस एक खांब धरला तर बरोबर ६४० खांब होतात. खड्डा अडीच फूट खोल व नऊ इंच रुंद घेतला, तर प्रत्येक खड्ड्यांतून एक घनफुटाहून थोडी अधिक माती निघते, आणि एकंदर मातीचा ढीग सातशें घनफुटांवर जातो. ही सगळी माती जमिनीच्या पोटांतून, अरुंद भोंकांतून, चिमूट चिमूट वर काढावयाची. कुंपण एकदां उभें राहिलें म्हणजे काम संपलें असेंही नाहीं. लांकडी खांब कुजतात, बर्फानें उचलले जातात, बैलांच्या धक्क्यानें वांकतात. बापानें पुरलेले खांब मुलाला बदलावे लागत.

खड्डा अरुंदच कां पाहिजे, अशी शंका कोणी घेईल. फावड्यानें रुंद खड्डा करणें सोपें खरें. पण मग खांबाभोंवतालची सारी माती सैल होते आणि ताणलेली तार त्यास ओढून वांकडा करते. खांबास आधार देते ती न हललेली जुनी जमीन. म्हणून खड्डा शक्य तितका खांबाच्या मापाचा हवा. या कामासाठीं दोन हत्यारें प्रचारांत आलीं. एक म्हणजे दोन लांब दांड्यांचा, खालीं वांकविलेलीं दोन पातीं असलेला मोठा चिमटा. तो भोंकांत आपटावयाचा, दांडे फांकवून माती धरावयाची आणि उचलून बाहेर टाकावयाची. दुसरें हत्यार म्हणजे आडव्या मुठीचें मोठें गिरमीट. सुताराचें गिरमीट लांकडांत शिरतें त्याच तत्त्वावर हें जमिनींत शिरे. दोन्ही हत्यारें गुणी होतीं. परंतु दोहोंचें इंजिन एकच, तें म्हणजे मनुष्याचे खांदे व कंबर.

दुसरीकडे शेतावर खरें इंजिन येऊं लागलें होतें. १९१७ मध्यें हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यांतून ‘फोर्डसन’ ट्रॅक्टर बाहेर पडूं लागला आणि त्याच्या स्वस्त किंमतीमुळें सामान्य शेतकऱ्याच्या आटोक्यांत आला. मात्र आरंभींच्या काळांत ट्रॅक्टरकडे लोक लोखंडी घोडा म्हणूनच पाहत. घोड्याचें काम ओढण्याचें, ट्रॅक्टरनेंही ओढावें. मागच्या यंत्रास फिरती शक्ति हवी असली, तर ती त्या यंत्राच्या स्वतःच्या चाकानें जमिनीवर घासत मिळवावी लागे. जमीन ओली असली म्हणजे चाक घसरे आणि यंत्र थांबे. इकडे ट्रॅक्टरचें इंजिन मात्र जोरानें धडधडत असे.

ही शक्ति सरळ इंजिनांतूनच कां घेऊं नये, असा विचार फ्रान्समध्यें आल्बेर गूजी या यंत्रज्ञानें १९०६ च्या सुमारास केला व आपल्या ट्रॅक्टरवरून फिरत्या दांड्यानें कापणीचें यंत्र चालवून दाखविलें. इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीचे एडवर्ड जॉन्स्टन यांच्या तें नजरेस आलें. पहिलें महायुद्ध संपतां संपतां त्या कंपनीनें आपल्या एका ट्रॅक्टरला मागील बाजूस असा दांडा दिला, आणि १९२१ च्या मोठ्या ट्रॅक्टरबरोबर त्याचा प्रसार वाढला. यालाच आज जगभरचे शेतकरी ‘पीटीओ’ म्हणतात. प्रत्येक कारखानदार आपल्या मर्जीचा दांडा करूं लागला असता, तर या सोयीचा गोंधळ झाला असता. परंतु १९२० च्या दशकांतच अमेरिकेंतील कृषि-अभियंत्यांच्या संस्थेनें त्याचें माप, वेग व दिशा यांचा नियम घालून दिला. सहा खांचांचा, एक पूर्णांक तीन-अष्टमांश इंच जाडीचा दांडा, मिनिटास सुमारें ५४० फेरे, आणि मागून पाहिलें असतां घड्याळाच्या कांट्यांच्या दिशेनें फिरणें, हा तो नियम होय. शेतीच्या यंत्रांमध्यें एकाचें अवजार दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला बसावें, ही कल्पना येथें प्रथम रुजली.

फिरती शक्ति मिळाली तरी खड्ड्याच्या गिरमिटाचें काम तेवढ्यानें होणार नव्हतें. गिरमीट उचलावें लागतें, बरोबर जागेवर आणून उभें धरावें लागतें, आणि माती घेऊन पुन्हां वर काढावें लागतें. दोरखंडानें मागें बांधलेल्या यंत्राला हें साधत नाहीं. ही दुसरी निकड भागविणारा पुरुष आयर्लंडांत जन्मला होता.

हॅरी फर्ग्युसन हे काउंटी डाउन परगण्यांतील शेतकऱ्याचे चिरंजीव. त्यांचा जन्म १८८४ चा. शेतीच्या कामांत त्यांचें मन रमलें नाहीं म्हणून ते बेलफास्टला भावाच्या सायकल-मोटार दुरुस्तीच्या दुकानांत गेले. १९०९ च्या डिसेंबर अखेरीस स्वतः बांधलेलें विमान उडवून त्यांनीं नांव मिळविलें. पहिल्या महायुद्धांत आयरिश सरकारी शेतीखात्यानें ट्रॅक्टरांचें काम सुधारण्याची कामगिरी त्यांच्यावर सोंपविली, आणि तेथें त्यांना एक भयंकर दोष दिसला. मागें सांखळीनें ओढलेला नांगर दगडांत किंवा मुळांत अडकला, कीं ट्रॅक्टरचीं मागचीं चाकें थबकत. इंजिनाचा जोर मात्र थांबत नसे. मग ट्रॅक्टरचें तोंड घोड्यासारखें वर उचललें जाई आणि प्रसंगीं तें धूड उलटून चालकाच्या अंगावर पडे. या रीतीनें कित्येक शेतकरी प्राणांस मुकले.

फर्ग्युसन यांनीं यावर शोधलेला उपाय पाहावयास साधा वाटतो. ट्रॅक्टरच्या मागें खालीं दोन दांडे, वर मध्यभागीं एक दांडा. तिन्ही दांड्यांच्या टोकांशीं अवजार खिळींनीं जोडावयाचें, आणि खालचे दांडे तेलाच्या दाबानें वरखालीं करावयाचे. अवजार ट्रॅक्टरच्या मागें फरफटत येणारें ओझें न राहतां त्याच्याच शरीराचा अवयव बनलें. नांगर अडला तर वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढें रेटी व त्याचें तोंड जमिनीवर टेकवून धरी. चालकाला खुर्चीवरून न उठतां, एका लहानशा मुठीनें अवजार उचलतां येऊं लागलें.

१९३८ च्या ऑक्टोबरांत फर्ग्युसन आपला ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेंत डिअरबॉर्न येथें हेन्री फोर्ड यांच्या वाडीवर गेले. प्रत्यक्ष नांगरटीचा प्रयोग झाला. नंतर दोघे एका टेबलाशीं बसले. फर्ग्युसन यांनीं किल्लीवर चालणाऱ्या लहानशा नमुन्यानें आपलें तत्त्व समजावून दिलें. फोर्ड यांनीं ट्रॅक्टर बांधावा, फर्ग्युसन यांनीं आपली रचना द्यावी व विक्री करावी, असें ठरलें. कागद झाला नाहीं, सही झाली नाहीं. दोघांनीं हस्तांदोलन केलें आणि करार पुरा झाला असें मानलें. १९३९ च्या २९ जून रोजीं त्या कराराचें फळ, ‘फोर्ड ९ एन’ हा लहान करड्या रंगाचा ट्रॅक्टर, लोकांपुढें आला.

मागें फिरता दांडा आणि वर उचलणारे हात, या दोन्ही गोष्टी एकाच स्वस्त ट्रॅक्टरवर एकत्र आल्या, तेव्हां खड्डे खणणाऱ्या गिरमिटाला आपली जागा सांपडली. १९४० च्या दशकांत अशीं यंत्रें बाजारांत आलीं. मिझूरी संस्थानांतील फुल्टन येथील डॅन्युझर कारखान्याचें यंत्र फोर्डच्या दुकानदारांमार्फतही विकलें जाई. त्याची घडण अशी : एक लांब लोखंडी तुळई ट्रॅक्टरच्या पाठीशीं, जेथें वरचा दांडा बसतो तेथें, एका खिळीवर टेकते. तिच्या मध्याला खालचे दोन हात आधार देतात. मागच्या टोकाला दांतेरी चाकांची पेटी लोंबते आणि पेटीखालीं गिरमीट. ट्रॅक्टरचा आडवा फिरणारा दांडा दोन मुडपत्या सांध्यांनीं या पेटीला जोडला जातो. पेटीतील चाकें फिरण्याची दिशा आडव्याची उभी करतात व वेगही बराच कमी करतात. पेटी लोंबती ठेवण्याचें कारण असें कीं, हात वरखालीं झाले तरी गिरमिटानें ओळंब्याप्रमाणें सरळच राहावें. मऊ जमिनींत एक खड्डा एकदोन मिनिटांत होई. ६४० खड्ड्यांचें गणित आतां कंबरेवरून तेलाच्या टाकीवर गेलें.

परंतु लोखंडाची जोडणी टिकली तशी माणसांची टिकली नाहीं. वृद्ध फोर्ड यांच्या मागून कारभार हातीं घेतलेल्या त्यांच्या नातवानें १९४६ च्या अखेरीस हा तोंडी करार संपविण्याचें ठरविलें. १९४७ च्या एप्रिलांत हेन्री फोर्ड वारले, आणि त्याच वर्षीं फोर्ड कंपनीनें ‘८ एन’ हा नवा ट्रॅक्टर स्वतःच्या दुकानदारांकरवीं विकावयास काढला. त्याच्या मागची तीन बिंदूंची रचना फर्ग्युसन यांचीच होती. फर्ग्युसन यांनीं १९४८ मध्यें पंचवीस कोटी डॉलरांहून अधिक रकमेचा दावा लावला. चार वर्षें साक्षीपुरावे चालले आणि १९५२ च्या एप्रिलांत ९२ लाख ५० हजार डॉलरांवर तडजोड झाली. मूळ मागणीच्या मानानें ही रक्कम लहान. वकिलांच्या व कचेऱ्यांच्या खर्चानें दोन्ही पक्ष थकले होते.

या भांडणाच्या काळांत ट्रॅक्टर मात्र थांबले नाहींत. १९५२ पर्यंत ‘८ एन’ पांच लाखांहून अधिक निघाले. इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें तयार होणारे फर्ग्युसन यांचे ‘टी. ई. २०’ ट्रॅक्टरही १९५६ पर्यंत पांच लाखांवर गेले. हे लहान ट्रॅक्टर इतके चिवट कीं त्यांतील पुष्कळ अद्यापि चालतात, आणि त्यांच्याबरोबर आलेलीं अवजारेंही कोठारांच्या कोपऱ्यांत शाबूत असतात. जुन्या गिरमिटाचा प्रश्न येथेंच उपस्थित होतो.

या दोन्ही ट्रॅक्टरांचा मागचा दांडा नियमाप्रमाणें एक पूर्णांक तीन-अष्टमांश इंचाचा नव्हता. तो एक पूर्णांक एक-अष्टमांश इंचाचा होता. फोर्ड कंपनीनें हें माप १९५३ च्या नव्या ट्रॅक्टरवर दुरुस्त केलें. फरक अवघ्या पाव इंचाचा. परंतु एका बाजूचें यंत्र दुसऱ्या बाजूस जोडूं म्हटल्यास बसत नाहीं. त्यावर तोड म्हणून बाजारांत लोखंडी नळी मिळते, ती बारीक दांड्यावर चढवून त्यास जाड करते. ही युक्ति चांगली आहे, पण तिला किंमत आहे. नळी दांड्याच्या पुढें आलेली असते, त्यामुळें मधल्या दांड्याची लांबी जास्त होते. मधला दांडा एकांत एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा असतो; गिरमीट वरखालीं होतांना त्याची लांबी सारखी बदलते. तो फार लांब असला, तर नळ्या एकमेकींवर टेकून बसतात व ट्रॅक्टरच्या पोटांतील बेअरिंग फोडतात. फार आखूड असला, तर फिरतां फिरतां सुटून येतो. म्हणून जाणता मनुष्य इंजिन बंद ठेवून गिरमीट अगदीं वरपर्यंत व अगदीं खालपर्यंत नेऊन पाहतो, नळ्या किती एकमेकींत उरतात तें मोजतो, आणि मगच नळ्या कापावयाच्या कीं नाहीं तें ठरवितो.

दुसरी पाहणी खिळींची. पुढें अमेरिकेंत १९५९ मध्यें तीन बिंदूंच्या जोडणीचेंही माप नियमानें ठरलें. लहान ट्रॅक्टरांच्या वर्गांत वरची खीळ पाऊण इंचाची व खालच्या सात-अष्टमांश इंचाच्या. जुन्या यंत्राच्या भोंकांत वर्षांनुवर्षांच्या घासणीनें ढिलेपणा आलेला असतो. तेथें साधा बोल्ट घालून काम भागविण्याचा मोह होतो. बोल्टाच्या आट्यांवर सारा भार पडला म्हणजे तो एके दिवशीं कातरला जातो आणि सगळें धूड खालीं येतें.

याच्या उलट एक बोल्ट मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो. गिरमीट दगडाला अडलें तर तो तुटावा आणि पेटी व ट्रॅक्टर वांचावा, ही त्याची योजना. जुन्या यंत्रांत हा बोल्ट वारंवार तुटतो म्हणून कंटाळून कोणी पोलादी बोल्ट घालतो. मग गिरमीट अडलें कीं तुटण्याची पाळी दांतेरी चाकांवर किंवा मनुष्यावर येते. शिवाय या ट्रॅक्टरांचा मागचा दांडा उलटा फिरत नाहीं. गिरमीट चिकट मातींत स्क्रूप्रमाणें खोल शिरून बसलें, तर तेलाचा दाब त्यास उपटूं शकत नाहीं. इंजिन बंद करून मोठ्या पान्यानें त्यास हातानें उलट फिरवावें लागतें. म्हणून थोडें खणावें, वर काढून माती झाडावी, पुन्हां खणावें, हीच जुन्या लोकांची शिकवण.

आणखी एक गोष्ट अशी कीं, या जुन्या ट्रॅक्टरांचे हात अवजार उचलतात, पण दाबीत नाहींत. गिरमीट स्वतःच्या वजनानेंच खालीं जातें. कडक उन्हाळ्यांत जमीन दगडासारखी झाली म्हणजे तें वरच फिरत राहतें. अशा वेळीं घरांतील कोणी मुलगा तुळईवर ओणवा होऊन भार देई. कित्येक हात-पाय याच क्षणीं गेले आहेत. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदास नऊ. तीन इंच जाडीच्या उघड्या दांड्यावर सदऱ्याची बाही गुंतली, तर एका सेकंदांत सात फूट कापड गुंडाळलें जातें. ओरडावयास अवधि मिळत नाहीं. चालकास क्लच दाबण्यास तर नाहींच. पूर्वीं या दांड्यांवर जीं पत्र्याचीं झांकणें येत, तीं अडचण म्हणून काढून फेकण्याची खोड सार्वत्रिक होती. आज जुनें यंत्र जोडणाऱ्यानें पहिला खर्च या झांकणावर करावा, असें जाणकार सांगतात तें याच कारणास्तव.

हिंदुस्थानाशीं या कथेचा धागा दोन्ही बाजूंनीं जुळतो. फर्ग्युसन यांची कंपनी १९५३ मध्यें मॅसी-हॅरिस कंपनींत मिळाली, आणि तिच्या धर्तीचे ट्रॅक्टर बनविण्यासाठीं १९६० मध्यें मद्रासेस ‘टाफे’ कंपनी निघाली. मागील दांड्याचा प्रसार करणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीशीं भागी करून १९६३ मध्यें महिंद्र व व्होल्टास यांनीं मुंबईस ट्रॅक्टरचा उद्योग सुरू केला. आज महाराष्ट्रांतील द्राक्षमळ्यांत मांडवाचे खांब रोवावयाचे असोत, कीं आंब्या-डाळिंबाच्या कलमांसाठीं खड्डे घ्यावयाचे असोत, ट्रॅक्टरच्या मागें लोंबणारें गिरमीट पुष्कळ ठिकाणीं दिसतें. पहार व घमेलें घेऊन दिवसभर वांकलेल्या मजुराची कंबर त्यानें वांचविली, आणि त्याचबरोबर त्याच्या कांहीं दिवसांची मजुरीही नेली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

त्या मैदानांतील जुन्या कोठारांतून एखादें गंजलेलें गिरमीट बाहेर काढून नातू आजोबांच्या ट्रॅक्टरला जोडूं लागतो, तेव्हां त्याच्या हातीं पाऊण इंचाची एक खीळ असते. ती खीळ भोंकांत सरळ जाते, याचें श्रेय मोठ्या माणसांच्या हस्तांदोलनाला देतां येत नाहीं. तें हस्तांदोलन नऊ वर्षेंही टिकलें नाहीं. मापें ठरविणाऱ्या अभियंत्यांनीं एकत्र बसून इंचाच्या आठव्या हिश्शापर्यंत एकमत केलें, म्हणून ती जाते. खीळ बसली कीं नातवानें झांकण तपासावें, लहान मुलांस दूर उभें करावें, आणि मगच इंजिन सुरू करावें.